शेतावरून घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानाचं इंजिन ट्रॅक्टरपेक्षा जुन्या पद्धतीचं का? वाचा सविस्तर

बारामती, गोंदिया, शिरपूर, जळगाव या भागातल्या गावांना शिकाऊ विमानांची आता सवय झाली आहे. पहाटे दारं धरायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावरून तेच विमान थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जातं. मोठ्या विमानासारखी शिट्टी नाही, तर घरघर आवाज. कारण या छोट्या विमानात जेट नसतं, पिस्टनचं इंजिन असतं. म्हणजे मोटारसायकल, जीप आणि ट्रॅक्टर यांच्या घराण्यातलंच.

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात असंच एक सेसना १५२ विमान शेतात उतरून आदळलं. प्रशिक्षणार्थी तरुणी विमानात एकटीच होती. ती किरकोळ जखमांवर वाचली. इंजिनाची ताकद गेल्याचं सुरुवातीच्या माहितीत सांगितलं गेलं. तेव्हा पारावर एकच प्रश्न होता, गाडी बंद पडली तर बाजूला लावता येते, पण हे वर बंद पडलं तर काय? या इंजिनाची गेल्या सव्वाशे वर्षांतली सगळी सुधारणा याच एका प्रश्नाभोवती झाली आहे.

सायकलच्या दुकानात बनलेलं इंजिन

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावात राईट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. विमानाचा सांगाडा तयार झाला, पण हलकं इंजिन कुणी बनवून देईना. मोटार कंपन्यांची इंजिनं जड होती. शेवटी दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने दुकानातल्याच लेथवर आणि ड्रिल मशीनवर साधारण सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन तयार केलं. त्याला आजच्यासारखा कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल थेंब थेंब पडून गरम जागेवर वाफ व्हायचं आणि हवेबरोबर आत जायचं. वजन वाचवायला बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं ओतलं होतं. ताकद जेमतेम १२ एचपी, वजन ८० किलोच्या वर. सायकलसारख्याच साखळ्या लावून दोन पंखे फिरवले होते. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण झालं ते १२ सेकंदांचं आणि ३७ मीटरचं.

हिशोब केला तर त्या इंजिनात एका एचपीमागे जवळपास सात किलो वजन पडत होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ट्रॅक्टरला वजन असलेलं चांगलं, चाक घसरत नाही. विमानात मात्र प्रत्येक किलो आधी वर उचलावा लागतो आणि मग पुढे न्यावा लागतो.

एरंडेलावर उडणारी विमानं

१९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समधल्या सेगुइन बंधूंनी 'नोम' नावाचं एक अजब इंजिन आणलं. आपल्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि क्रँक फिरते. यांनी उलटं केलं. क्रँक विमानाला घट्ट बसवली आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरवले. असं करायचं कारण थंडावा. फिरणाऱ्या सिलिंडरला आपोआप वारा लागतो, मग रेडिएटर नको, पाणी नको. ५० एचपीचं इंजिन ७५ किलोच्या आसपास बसलं. म्हणजे एका एचपीमागे दीड किलो. पाच-सहा वर्षांत सात किलोवरून दीड किलोवर.

यात वंगण म्हणून वापरायचे एरंडेल तेल. आपल्याकडे बांधावर उगवणाऱ्या एरंडाचंच. या इंजिनात पेट्रोल आणि तेल एकाच पोकळीतून जायचं आणि साधं ऑइल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ व्हायचं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, म्हणून ते टिकायचं. पण तेल परत टाकीत येत नव्हतं, धुरासोबत बाहेर फेकलं जायचं आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर उडायचं. एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं हे आपल्या आज्यांना विचारायला नको. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांना शत्रूइतकाच हाही त्रास होता.

त्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. एवढं जड चाक नाकावर गरगर फिरत असल्यामुळे विमान एका बाजूला पटकन वळायचं आणि दुसऱ्या बाजूला वळायला कुरकुर करायचं. शिकाऊ पोरांचे त्यात जीव गेले. महायुद्धानंतर काही वर्षांतच ही पद्धत मागे पडली.

भंगारातून निघालेलं मॉथ

युद्ध संपलं आणि इंग्लंडमध्ये विमानांच्या इंजिनांचे ढीग उरले. फ्रँक हॅलफर्ड नावाच्या इंजिनिअरने त्यातलं आठ सिलिंडरचं रेनॉ जातीचं इंजिन निवडलं आणि त्याच्या निम्म्या सिलिंडरचं, म्हणजे चारचं, नवं इंजिन उभं केलं. त्याचं नाव सिरस, ताकद ६० एचपी. जुने भाग वापरल्यामुळे ते स्वस्तात पडलं. जेफ्री डी हॅविलंड यांनी ते आपल्या 'मॉथ' विमानाला बसवलं आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये ते उडालं. सामान्य माणसाला क्लबमध्ये जाऊन विमान शिकता येईल ही गोष्ट खरी सुरू झाली ती इथून. जुने भाग संपत आले तेव्हा हॅलफर्डनेच 'जिप्सी' हे नवं इंजिन बनवलं.

जिप्सीच्या पुढच्या जातीत इंजिन उलटं टांगलं होतं. क्रँक वर, सिलिंडर खाली. त्यामुळे पंखा उंच राहतो, जमिनीला लागत नाही आणि वैमानिकाला समोरचं दिसतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते पस मॉथ विमान याच जिप्सी इंजिनाचं होतं. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायला थांबले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, असं सांगतात.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने एचटी-२ हे शिकाऊ विमान बनवलं, ते १९५१ मध्ये उडालं. त्याचं इंजिनही त्या सिरस घराण्यातलंच, १५५ एचपीचं.

चपटं इंजिन आलं आणि ठाण मांडून बसलं

आज आपल्या डोक्यावर जे घरघरतं त्याचा खरा बाप मात्र अमेरिकन आहे. १९३१ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीने ए-४० हे चार सिलिंडरचं इंजिन काढलं. फक्त ३७ एचपी. त्यात दोन सिलिंडर डावीकडे आडवे आणि दोन उजवीकडे आडवे, म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसून बुक्क्या मारतात तसे पिस्टन. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, त्यामुळे हादरे कमी. क्रँक आखूड, म्हणून वजन कमी. आणि चारही सिलिंडर बाहेर उघडे, म्हणून वारा सगळ्यांना लागतो. पुढे हेच इंजिन ६५ एचपीचं झालं आणि पिवळ्या रंगाच्या पायपर कब विमानात बसलं. तशी जवळपास २० हजार विमानं बनली.

मग लायकमिंग ही दुसरी कंपनी याच ढंगाची इंजिनं घेऊन उतरली. चार जण बसणारं सेसना १७२ हे विमान १९५६ पासून विकलं जातं. जगात सर्वात जास्त बनलेलं विमान तेच, ४४ हजारांच्या वर. १९६८ च्या मॉडेलपासून त्याला लायकमिंगचं ओ-३२० इंजिन आलं. ५२०० सीसी, १५० एचपी, वजन ११० किलोच्या आसपास. राईट बंधूंचा सात किलोचा आकडा आठवा, इथे एका एचपीमागे पाऊण किलोसुद्धा नाही. कडबनवाडीला उतरलेल्या सेसना १५२ मध्येही याच घराण्यातलं धाकटं इंजिन असतं, ३८०० सीसी आणि ११० एचपी.

गाड्यांची जाण असलेली पोरं इथे हसतील. आजची १२०० सीसीची कार ८० एचपी देते आणि हे ५२०० सीसीचं धूड फक्त १५०? पण यामागे कारण आहे.

पंखा थेट क्रँकला जोडलेला असतो, मध्ये गिअर नाही. पंख्याची लांबी साधारण १.९ मीटर. २७०० फेऱ्यांवर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २६८ मीटर होतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. टोक त्याच्याजवळ गेलं की पंखा हवा ढकलायचं सोडून नुसता आरडाओरडा करतो. म्हणून इंजिन हळू फिरवावं लागतं आणि हळू फिरून ताकद काढायची तर सिलिंडर मोठे लागतात. विहिरीवरचं जुनं स्लो-स्पीड डिझेल इंजिन आठवा. ठक ठक करत चालायचं, पण वर्षानुवर्षं चालायचं.

दुसरं, कारचं इंजिन रस्त्यावर बहुतेक वेळ निवांत असतं. विमानाचं इंजिन उडताना पूर्ण ताकदीवर आणि नंतर तासन् तास ६५ ते ७५ टक्क्यांवर चालतं. ज्याने रोटाव्हेटर लावून दिवसभर ट्रॅक्टर चालवला आहे त्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

दोन मॅग्नेट, दोन प्लग

पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप दोरी ओढली की चालू होतो, त्याला बॅटरी लागत नाही. आत मॅग्नेट फिरतं आणि प्लगला ठिणगी मिळते. विमानाच्या इंजिनात हेच आहे, फक्त दुप्पट. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी मेली, वायरिंग जळालं, एक मॅग्नेटो गेला, तरी इंजिन चालूच राहतं. उड्डाणाआधी धावपट्टीच्या कडेला विमान उभ्या उभ्या गुरगुरताना दिसतं, तेव्हा एकेक मॅग्नेटो बंद करून तपासणी चाललेली असते.

पाणीही नाही. मोटारसायकलसारख्या फिन आणि वारा, एवढ्यावर थंडावा. त्यामुळे होज पाईप फुटणं, रेडिएटर गळणं हे प्रकारच नाहीत. ठरावीक तास झाले, बहुतेक इंजिनांना २००० तास, की पूर्ण खोलून नव्यासारखं करायचं.

मग तरी इंजिनं बंद का पडतात? बऱ्याचदा इंजिन नव्हे तर त्याला मिळणारा खुराक चुकतो. पेट्रोल संपणं, पेट्रोलात पाणी येणं, टाकीची चावी चुकीची फिरवणं. आणि एक कारण असं आहे की ते ऐकून खरं वाटत नाही, ते म्हणजे बर्फ. पेट्रोल हातावर सांडलं की हात गार पडतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तेच होतं, आतलं तापमान २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त खाली येतं. बाहेर २५ अंश उकाडा आणि हवा पावसाळी दमट, तरी आत बर्फ धरतो आणि हवेची वाट बुजते. त्यासाठी वैमानिकाकडे गरम हवा आत सोडायची दांडी असते. शिकाऊ माणसाने ती वेळेवर ओढली नाही तर इंजिन गुदमरतं. नव्या इंजिनात फ्युएल इंजेक्शन आलं आणि हा धोका जवळपास गेला, पण जुनी विमानं अजून भरपूर उडत आहेत.

दुसरी दांडी लाल रंगाची असते, पेट्रोल कमी-जास्त करायची. १० हजार फुटांवर हवा जमिनीपेक्षा पाव हिश्शाने विरळ होते. तेवढंच पेट्रोल सोडत राहिलं तर इंजिन जास्त पिऊन काळा धूर ओकतं. कारमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो, इथे वीस-बावीस वर्षांचं पोर हाताने करतं.

आणि इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसना १७२ उंचीच्या साधारण नऊ पट अंतर तरंगत जातं. ९०० मीटरवर असेल तर आठ किलोमीटर. तेवढ्यात वैमानिक मोकळं सपाट रान शोधतो. उसाचा फड, विजेच्या तारा, विहिरी टाळायच्या असतात. नांगरट केलेलं रान वरून चांगलं दिसतं, पण चाक रुतून विमान उलटू शकतं.

असं विमान आपल्या शिवारात उतरलंच तर गावकऱ्यांनी आधी ११२ ला फोन करावा. आतल्या माणसाला मदत करताना बिडी-काडी दूर ठेवावी, पेट्रोल पंखांत भरलेलं असतं. आणि पंखा हाताने अजिबात फिरवू नये, फोटोसाठी त्याला टेकून उभंही राहू नये. वर सांगितलं तसं मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच बंद दिसला तरी वायर तुटलेली असेल तर पंखा एका हिसक्यात फिरतो आणि हात तोडतो.

शिसं अजून आहे

आता या इंजिनाची वाईट बाजू. त्याला लागतं ते पेट्रोल आपल्या पंपावरचं नव्हे. 'एव्हगॅस १०० एलएल' नावाचं निळसर पेट्रोल लागतं आणि त्यात शिसं असतं. नावात 'कमी शिसं' असा अर्थ आहे, पण एका लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत चालतं. मोठे सिलिंडर, हवेवरचा थंडावा आणि भार जास्त, यामुळे साध्या पेट्रोलवर काही इंजिनांत ठोके पडू लागतात. ट्रॅक्टरला ठोके आले तर मिस्त्रीकडे नेऊ. इथे पिस्टनला भोक पडून इंजिन हवेत संपू शकतं. शिसं ते ठोके थांबवतं.

आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं. विमानाच्या पेट्रोलमध्ये ते राहिलं. अमेरिकेत हवेत जाणाऱ्या शिशाचा सर्वात मोठा वाटा आज याच छोट्या विमानांचा आहे. कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त असल्याचं २०२१ च्या अभ्यासात दिसलं आणि तिथल्या काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून असं पेट्रोल विकणं बंद केलं. बिनशिशाच्या एका पेट्रोलला तिथल्या विमान खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि २०३० अखेर शिसं संपवायचं ठरलं आहे. गंमत म्हणजे त्याच सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशात बनवलेलं शिशाचं एव्हगॅस बाजारात आणलं. आधी ते परदेशातून यायचं, त्यामुळे फ्लाइंग स्कूलना दिलासा मिळाला हे खरं. पण धावपट्टीजवळच्या गावांचा विचार त्यात कुठे दिसला नाही. सेसना १७२ तासाला ३० लिटरच्या वर पितं. त्या हिशोबाने तासाला १५ ग्रॅमहून जास्त शिसं धुरातून जाऊ शकतं, आणि फेऱ्या त्याच त्या गावांवरून होतात. ग्रामसभेत विचारायचा प्रश्न असेल तर तो आवाजाचा नाही, हा आहे.

बर्फावरच्या गाडीतून आलेलं रोटॅक्स

ऑस्ट्रियातली रोटॅक्स कंपनी बर्फावर चालणाऱ्या स्कूटरची इंजिनं बनवायची. १९८९ मध्ये तिने विमानासाठी ९१२ हे इंजिन आणलं. ८० एचपी, नंतर १०० एचपी. फक्त १२०० ते १३५० सीसी. सिलिंडरला वारा, पण हेडला पाणी. फेऱ्या ५८००, मध्ये गिअरबॉक्स घालून पंखा मात्र २४०० च्या आत. ते साध्या बिनशिशाच्या पेट्रोलवर चालतं आणि तासाला वीस लिटरच्या आत भागवतं. बंगळूरच्या एनएएल संस्थेच्या हंसा विमानात रोटॅक्सच आहे आणि एनसीसीच्या मुलांना उडवणाऱ्या पिपिस्ट्रेल मायक्रोलाइटमध्येही तेच. बरीच हलकी शिकाऊ विमानं आता याच वाटेने चालली आहेत.

आणि आता डिझेल

शेतकऱ्याला पटेल असा बदल मात्र दुसराच आहे. जर्मनीच्या थिलर्ट कंपनीने मर्सिडीज कारचं १७०० सीसीचं डिझेल इंजिन घेतलं, त्यावर काम केलं आणि २००२ मध्ये विमानासाठी मंजूर करून घेतलं. ते जेट विमानाच्या इंधनावर चालतं, म्हणजे रॉकेलच्याच जातीच्या एटीएफवर. एटीएफ प्रत्येक प्रवासी विमानतळावर मिळतं, एव्हगॅस मोजक्याच ठिकाणी. शिसं नाही, प्लग नाही, मॅग्नेटो नाही, कार्बोरेटरमधला बर्फ नाही. लाल दांडीही नाही, सगळं कॉम्प्युटर पाहतो.

पण विमानाच्या धंद्यात फुकट काहीच नाही. डिझेलचा दाब सोसायला सगळं जाड लागतं. ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रो कंपनीचं १६८ एचपीचं डिझेल इंजिन १८५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एचपीमागे पुन्हा एक किलोच्या वर. आणि कॉम्प्युटरला वीज लागते. मार्च २००७ मध्ये जर्मनीत स्पायर इथे दोन डिझेल इंजिनांच्या विमानाची बॅटरी उतरली होती. बाहेरची वीज लावून इंजिनं चालू केली आणि विमान उडालं. चाकं वर घेताना विजेचा दाब क्षणभर पडला, दोन्ही कॉम्प्युटर गडबडले आणि दोन्ही इंजिनं एकदम गेली. जीवितहानी झाली नाही, पण बिनबॅटरीच्या मॅग्नेटोला जुने मेकॅनिक का कवटाळून बसतात ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्यानंतर नियम आणि वायरिंग दोन्ही कडक झालं.

थिलर्ट २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचं काम २०१३ मध्ये कॉन्टिनेन्टलने विकत घेतलं, म्हणजे १९३१ साली चपटं इंजिन काढणाऱ्याच कंपनीने. त्याच डिझेल घराण्यातलं १५५ एचपीचं इंजिन आज पायपर आर्चर डीएक्स या शिकाऊ विमानात बसतं. अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर एअर इंडिया जी प्रशिक्षण अकादमी उभारत आहे, तिच्यासाठी अशी ३१ विमानं आणि दोन इंजिनांची ३ डायमंड विमानं मागवल्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. सगळी एटीएफवर चालणारी.

तिथे नुसते वैमानिक लागणार नाहीत. चार्ली टेलरचं काम करणारेही लागतील. विमान दुरुस्तीच्या लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असावं लागतं आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी त्यात बी १.२ असा वेगळा वर्ग आहे. कोर्सला प्रवेश घेण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, हे डीजीसीएच्या वेबसाइटवर मोबाईलवरूनही पाहता येतं.